काल अजिंक्य, आज पराभूत

फायटिंग गेम खेळणाऱ्यांची कामगिरी अस्थिर का असते? गणित, मानसशास्त्र आणि यंत्र यांच्या आधारे एक शोध

(प्रतिनिधी)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००४ साली भरलेल्या 'इव्हो' स्पर्धेतील एक चित्रफीत आजही जगभर पाहिली जाते. 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक' या खेळात जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर उभे होते. दाइगोच्या पात्राची शक्ती जवळजवळ संपलेली होती. नुसता अडवलेला वारही त्याला बाद करण्यास पुरेसा होता. अशा वेळी वाँगने पंधरा प्रहारांचा आपला सर्वांत मोठा डाव टाकला. दाइगोने ते सर्व प्रहार एकामागून एक, अचूक क्षणी परतवले आणि उलट हल्ला चढवून बाजी मारली. प्रेक्षागृहात एकच जल्लोष झाला.

या प्रसंगाचे कौतुक करणाऱ्यांपैकी अनेकांना पुढची गोष्ट ठाऊक नसते. त्या खेळाचे विजेतेपद दाइगोला मिळाले नाही. अंतिम सामन्यात तो आपल्याच देशाच्या केंजी ओबायाशीकडून हरला.

जगातील सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या खेळाडूची ही कथा, तर घरातल्या पडद्यासमोर रोज दोन-तीन तास घालवणाऱ्या सामान्य खेळाडूची काय अवस्था होत असेल? सोमवारी सलग आठ सामने जिंकणारा तरुण मंगळवारी त्याच प्रतिस्पर्ध्यांकडून हरतो आणि 'आपल्याला हे जमणारच नाही' अशा निष्कर्षाप्रत येतो. मग पात्र बदलले जाते, नवा कंट्रोलर विकत घेतला जातो, झोप मोडून सराव वाढवला जातो. एवढे करूनही कामगिरी हेलकावे खातच राहते.

हा प्रश्न आता केवळ करमणुकीपुरता उरलेला नाही. ई-स्पोर्ट्सला भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये क्रीडा प्रकारांच्या चौकटीत स्थान दिले आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांपासून त्याला वेगळे काढले. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' हा पदकाचा खेळ होता. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास त्यात उतरले होते. पदकापर्यंत मात्र ते पोहोचू शकले नाहीत. जे तरुण या क्षेत्राकडे गांभीर्याने पाहतात, त्यांनी अस्थिर कामगिरीची कारणे समजून घेणे आवश्यक आहे. कारण ही एकच व्याधी नव्हे. निरनिराळ्या कारणांतून उद्भवणारे ते एकच लक्षण आहे आणि निदान चुकले की उपायही चुकतो.

डाव-प्रतिडावाचा खेळ

फायटिंग गेममध्ये दोन खेळाडू, दोन पात्रे आणि एक मर्यादित आखाडा असतो. 'कॅपकॉम' कंपनीने १९९१ साली आणलेल्या 'स्ट्रीट फायटर टू'ने या प्रकाराला आजचे रूप दिले. त्यानंतर १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट', १९९३ मध्ये त्रिमितीय 'व्हर्च्युआ फायटर' आणि १९९४ मध्ये 'टेकन' आले. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी टाकून खेळलेल्या पिढीला यांतील काही नावे नक्कीच आठवतील. आज जगातील सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाणारी इव्हो स्पर्धा १९९६ साली 'बॅटल बाय द बे' या नावाने, मूठभर खेळाडूंच्या मेळाव्यातून सुरू झाली. २०२३ साली याच स्पर्धेत एकट्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'साठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावे नोंदवली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ बोटांच्या चपळाईचा वाटतो. प्रत्यक्षात तो कुस्तीच्या अधिक जवळचा आहे. कुस्तीत जशी आधी खडाखडी होते, अंतराचा व तोलाचा अंदाज घेतला जातो आणि मग डाव टाकला जातो, तसेच येथेही घडते. मूळ नियम दगड-कागद-कात्रीसारखा आहे. बचाव वाराला अडवतो, बचावात बसलेल्याला पकडून फेकता येते, आणि पकडायला येणाऱ्याला वाराने थोपवता येते. म्हणजे एकही डाव सर्वकाळ सुरक्षित नाही. कामगिरीतील चढउतारांचे पहिले बीज खेळाच्या या रचनेतच आहे.

सेकंदाचे साठ तुकडे

या खेळांचे घड्याळ सेकंदाला साठ फ्रेम या गतीने चालते. एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मधील सर्वांत जलद साधा वार चार फ्रेमांत, तर 'टेकन'मधील जलद ठोसा दहा फ्रेमांत प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचतो. आता माणसाच्या शरीराचा विचार करू. पडद्यावर काही दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत निरोगी माणसाला साधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. जलद वार पाहून त्याला उत्तर देणे कोणालाही शक्य नाही. तो येणार असा अंदाजच बांधावा लागतो. दाइगोनेही त्या पंधरा प्रहारांतील पहिला प्रहार पाहून परतवला नव्हता. वाँग आता हाच डाव टाकणार, हे त्याने आधीच ताडले होते.

संथ हल्ल्यांचे काय? 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा हल्ला आहे. तो लागू होण्यास २६ फ्रेम, म्हणजे सुमारे ४३० मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात त्याला उत्तर देणे सहज शक्य असते. तरीही कसलेले खेळाडू त्याला बळी पडतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. हिक यांनी १९५२ साली दाखवून दिले, की समोर असलेल्या पर्यायांची संख्या वाढली की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. सरावाच्या खोलीत एकाच हल्ल्याची वाट पाहणारा खेळाडू दहापैकी दहा वेळा तो परतवतो. सामन्यात मात्र त्याचे लक्ष उडी, थ्रो, अंतर आणि स्वतःचा पुढचा डाव यांत वाटले गेलेले असते. 'काल जमत होते, आज जमत नाही' या तक्रारीमागे बहुधा हात मंदावलेला नसून लक्ष विभागलेले असते.

नशिबाचे गणित

ज्या खेळात अंदाजाला स्थान आहे, तेथे श्रेष्ठ खेळाडूही काही वेळा हरणारच. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली अशा खेळांचा सिद्धांत मांडला. ज्या द्वंद्वात प्रत्येक डावाला प्रतिडाव आहे, तेथे आपले डाव ठरावीक प्रमाणात, पण प्रतिस्पर्ध्याला ओळखता येणार नाहीत अशा रीतीने मिसळणे हाच उत्तम मार्ग ठरतो. उत्तम मार्गाने चालूनही एखाद्या क्षणी उलटे दान पडू शकते, हे त्यातच अभिप्रेत आहे.

आकडेमोड करून पाहू. समजा, एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे सरस आहे आणि प्रत्येक गेम जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. तीन गेमांच्या सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ६५ टक्के होते, पाच गेमांच्या सामन्यात ६८ टक्के, तर सात गेमांच्या सामन्यात ७१ टक्के. म्हणजे तीन गेमांच्या सामन्यांत सरस खेळाडू साधारणपणे दर तीन सामन्यांमागे एक हरणार! सलग पाच सामने जिंकण्याची त्याची शक्यता तर सुमारे ११ टक्के भरते. म्हणूनच इव्होसारख्या स्पर्धांत एका पराभवाने खेळाडू बाद होत नाही. दुसऱ्या पराभवानंतरच तो बाहेर पडतो.

घरच्या सरावालाही हेच गणित लागू पडते. ६० टक्के क्षमतेचा हा खेळाडू एका संध्याकाळी वीस गेम खेळला, तर केवळ योगायोगाने त्याचे विजय ८ ते १६ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतात. सोळा विजयांच्या दिवशी तो स्वतःला अजिंक्य समजेल आणि आठ विजयांच्या दिवशी निराश होईल, पण त्याचे कौशल्य दोन्ही दिवशी तेच असेल. शंभर गेमांत एकदा तरी सलग चार पराभव पत्करण्याची त्याची शक्यता सुमारे तीन-चतुर्थांश आहे.

ऑनलाइन क्रमवारीत आणखी एक फसगत होते. बुद्धिबळात अर्पाद एलो यांच्या नावाने ओळखली जाणारी गुणांकन पद्धत आहे; अशाच तत्त्वावर या खेळांतही तोडीस तोड प्रतिस्पर्धी जुळवले जातात. खेळाडू सुधारला की त्याच्यापुढे अधिक बलवान प्रतिस्पर्धी येतात आणि विजयाचे प्रमाण पुन्हा पन्नास टक्क्यांकडे सरकते. प्रगती होत असूनही ती जाणवत नाही, याचे हे साधे कारण आहे.

दडपणाखाली हात का थिजतात?

तथापि सर्व दोष योगायोगावर ढकलून चालणार नाही. घरी सहज जमणारा कॉम्बो स्पर्धेत नेमका हातातून निसटतो, याला मानसशास्त्रीय कारण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ साली असे मांडले, की दडपणाखाली माणूस आपल्याच हालचालींवर पहारा ठेवू लागतो आणि अंगवळणी पडलेली कृती त्यामुळे बिघडते. सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुटबॉलपटूंना चेंडू नेताना पायाच्या कोणत्या बाजूने स्पर्श होतो याकडे लक्ष देण्यास सांगितले. अनुभवी खेळाडूंची गती त्याने मंदावली. नवशिक्यांना मात्र असे लक्ष देणे उपयोगी पडले. ज्या सावधगिरीमुळे शिकणे सोपे जाते, तीच सावधगिरी तयार खेळाडूला नडते.

दुसरा शत्रू म्हणजे संताप. पिनबॉलच्या यंत्राला धक्के दिले की ते बंद पडे व पडद्यावर 'टिल्ट' अशी सूचना येई. तो शब्द पोकर खेळणाऱ्यांनी उचलला आणि तेथून तो या क्षेत्रात आला. चिडलेला खेळाडू हरलेला गेम लगेच भरून काढण्यासाठी बसल्या जागी आणखी दहा गेम खेळतो. त्याचे डाव आता मिसळलेले राहत नाहीत. उठल्यावर प्रत्येक वेळी तोच वार, कोपऱ्यात सापडल्यावर प्रत्येक वेळी तीच उडी. समोरचा जाणकार असेल, तर दोन फेऱ्यांत तो हे ओळखतो. खेळाडूला वाटते, आज नशीब फिरले आहे. खरे तर त्या दिवशी त्याचा खेळ वाचता येण्याजोगा झालेला असतो.

सरावाची फसवणूक

'रोज तीन तास खेळतो, तरी सुधारणा नाही' ही तक्रार नेहमी ऐकू येते. खेळणे आणि सराव करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली नेमके उद्दिष्ट, तत्काळ मिळणारा प्रतिसाद आणि चुकांची दुरुस्ती असलेल्या सरावाचे महत्त्व सांगितले. शंभर ऑनलाइन गेम खेळताना यांपैकी काहीच नसेल, तर जुन्या सवयीच घट्ट होतात.

सरावाची पद्धतही फसवी असू शकते. जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एकच हालचाल घोटून मग पुढची घेतली. दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. नंतर घेतलेल्या परीक्षेत मात्र उलटसुलट सराव करणारा गट सरस ठरला. एकच कॉम्बो पन्नास वेळा घोटणाऱ्या खेळाडूला तो पक्का झाल्यासारखा वाटतो. सामन्यात तो एकदाच, अनपेक्षित क्षणी करावा लागतो आणि तेथे पहिल्या प्रयत्नाचेच मोल असते.

नवे काही शिकताना कामगिरी तात्पुरती घसरते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कालपर्यंत उडी मारून सुटणारा खेळाडू आज शांतपणे बचाव करायला शिकत असेल, तर पहिले काही दिवस तो अधिक हरेल. या टप्प्यावर जुन्या सवयीकडे परतणारे अनेक जण तेथेच अडकून पडतात.

यंत्र आणि अंतर

कधी कधी दोष खेळाडूचा नसतोच. अनेक घरगुती टीव्ही चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत काही फ्रेमांचा विलंब लावतात. 'गेम मोड' सुरू केल्यास तो बराच कमी होतो. घरच्या टीव्हीवर घोटलेला कॉम्बो स्पर्धेतील जलद मॉनिटरवर चुकतो, तो यामुळेच.

ऑनलाइन खेळात अंतराचा प्रश्न येतो. मुंबई ते टोकियो हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आदर्श स्थितीतही एका बाजूने जाण्यास दोन फ्रेम लागतात आणि वास्तवात त्याहून अधिक. यावर 'रोलबॅक' ही पद्धत निघाली. इव्होच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टोनी कॅनन यांनी २००६ साली 'जीजीपीओ' ही प्रणाली आणली. प्रतिस्पर्धी काय दाबेल याचा संगणक अंदाज बांधतो आणि तो चुकल्यास खेळ काही फ्रेम मागे नेऊन दुरुस्त करतो. यामुळे खेळ सुसह्य झाला. तरी लांबच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना वार अचानक उमटल्यासारखा दिसतो आणि प्रतिसादाचा वेळ घटतो. वायफायऐवजी केबल वापरणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दिग्गजांचे चढउतार

अमेरिकेचा व्हिक्टर वुडली ऊर्फ पंक २०१७ साली जबरदस्त भरात होता. इव्होच्या अंतिम सामन्यात तो एकही पराभव न पत्करता पोहोचला आणि तेथे जपानच्या तोकिदोने त्याला नमवले. ते विजेतेपद हाती येण्यासाठी पंकला २०२४ पर्यंत, म्हणजे सात वर्षे वाट पाहावी लागली. दाइगोने तर मधल्या काळात हा खेळ सोडून दिला होता. काही काळ तो माहजाँगकडे वळला, मग वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करू लागला. 'स्ट्रीट फायटर फोर'च्या निमित्ताने तो परतला आणि २००९ व २०१० या दोन्ही वर्षी त्याने इव्हो जिंकली. २०१२ साली जपानीत आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'जिंकत राहण्याची इच्छाशक्ती' असा आहे. एकदा जिंकणे आणि जिंकत राहणे यांतील अंतर त्या नावातच सामावले आहे.

लाहोरचा अर्सलान सिद्दीक ऊर्फ अर्सलान ॲश याने २०१९ साली 'टेकन सेव्हन'मध्ये जपान आणि अमेरिका येथील दोन्ही इव्हो जिंकल्या. तोवर जागतिक वर्तुळात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्याच्या मागे लाहोरमधील तगड्या खेळाडूंचा, समोरासमोर बसून खेळणारा गट होता. तालमीत चांगले जोडीदार असल्याशिवाय पैलवान तयार होत नाही, हा आपल्याकडचा अनुभव येथेही खरा ठरतो. वयाचा बाऊ करणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण : हांगझोऊ येथे सुवर्णपदक जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचा होता.

काय करता येईल?

अस्थिरता पूर्णपणे जाणार नाही. तिची रुंदी मात्र कमी करता येते. त्यासाठी सर्वोत्तम दिवसाचा खेळ अधिक उंचावण्यापेक्षा सर्वांत वाईट दिवसाचा खेळ वर आणणे फायद्याचे असते. कठीण कॉम्बोऐवजी दहापैकी दहा वेळा जमेल असा साधा कॉम्बो निवडणे, ही त्याची सुरुवात.

दुसरे, नोंदवही ठेवावी. प्रत्येक पराभवानंतर एकच ओळ लिहावी : अंदाज चुकला, हात चुकला, माहिती नव्हती, की डोके तापले होते? अंदाज चुकला असेल, पण निवड योग्य होती, तर तो पराभव सोडून द्यावा. हात चुकला असेल, तर सराव हवा. प्रतिस्पर्ध्याच्या डावाची माहिती नसेल, तर सामन्याचे रेकॉर्डिंग पाहून उत्तर शोधावे. डोके तापले असेल, तर उठून पाणी प्यावे. चार निरनिराळ्या कारणांना 'आणखी खेळू' हे एकच उत्तर लागू पडत नाही.

तिसरे, सलग दोन सामने रागाने हरल्यास त्या दिवसापुरते थांबण्याचा नियम आधीच ठरवून ठेवावा. रागात असताना असे निर्णय घेतले जात नाहीत. चौथे, आठवड्यातून एकदा ओळखीच्या बरोबरीच्या खेळाडूशी दहा विजयांपर्यंतची लढत खेळावी. छोट्या सामन्यात जे योगायोगामुळे झाकले जाते, ते येथे उघड होते. पाचवे, प्रगतीचा हिशेब एका संध्याकाळीवरून करू नये. किमान शंभर गेमांवरून करावा. शेवटची बाब झोपेची. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या प्रयोगात बोटांनी करावयाची एक क्रमबद्ध हालचाल शिकलेल्यांची गती रात्रीच्या झोपेनंतर, अधिक सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली आढळली. रात्री दोनपर्यंत जागून केलेला सराव दुसऱ्या दिवशी हाताशी का राहत नाही, हे यावरून लक्षात यावे.

पालकांसाठीही यात एक सूचना आहे. मुलगा हरल्यावर 'एवढा वेळ घालवून काय मिळवलेस?' असे विचारण्याऐवजी 'आज कशामुळे हरलास?' असे विचारून पाहावे. त्याला या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येत असेल, तर तो शिकत आहे. दर वेळी उत्तर 'नशीब' किंवा 'लॅग' एवढेच येत असेल, तर काही दिवस खेळाचे तास कमी करून नोंदवही हाती देणे अधिक हिताचे ठरेल.

चौकट : काही नेहमीच्या संज्ञा

फ्रेम : खेळातील वेळेचे सर्वांत लहान एकक, सेकंदाचा साठावा भाग.

कॉम्बो : पहिला वार लागल्यावर प्रतिस्पर्ध्याला सुटू न देता जोडलेली प्रहारांची मालिका.

थ्रो : बचावात असलेल्या प्रतिस्पर्ध्याला पकडून फेकणे.

पॅरी : वार लागण्याच्या अचूक क्षणी तो इजा न होता परतवणे.

टिल्ट : संताप किंवा निराशेमुळे निर्णयशक्ती ढासळण्याची अवस्था.

लॅग : बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतील विलंब.

रोलबॅक : नेटवर्कचा विलंब झाकण्यासाठी पुढील हालचालीचा अंदाज बांधून, चुकल्यास खेळ मागे नेण्याची पद्धत.

फर्स्ट टू टेन : जो आधी दहा गेम जिंकेल तो विजेता, अशी लांबलचक लढत.